वाण आणि घाणा

[स्वयंपाकघरात रोज लागणाऱ्या तेलाचे गुण कशावर अवलंबून असतात? बियाण्याच्या वाणावर की तेल काढण्याच्या रीतीवर? करडईच्या तेलाचे उदाहरण घेऊन या पाठात या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे.]



रमजानचा महिना जवळ आला की घरातील किराणा सामानाची यादी लांबत जाते. बेसन, खजूर, साखर आणि त्यांच्या जोडीला तेल. इफ्तारसाठी भजी आणि समोसे तळायचे म्हणजे तेल नेहमीपेक्षा जास्तच लागते. अम्मी तुमच्या हाती पिशवी देते आणि सांगते, "करडईचे तेल घेऊन ये."

तुम्ही दुकानात जाता. दुकानदार विचारतो, "कोणते देऊ? घाण्याचे की रिफाइंड?"

फळीवर दोन बाटल्या उभ्या असतात. एका बाटलीतील तेल गडद पिवळे आणि किंचित गढूळ असते. झाकण उघडले की करडईचा वास येतो. दुसरीतील तेल फिकट, नितळ आणि बिनवासाचे असते. दोन्ही बाटल्यांवर करडईच्या फुलाचेच चित्र आहे. भावात मात्र बराच फरक आहे. घाण्याचे तेल महाग आहे.

बी एकच, मग तेले दोन कशी? महाग तेल घ्यावे की स्वस्त? एक शेजारी सांगतात, "घाण्याचे तेल म्हणजे अमृत." दुसरे सांगतात, "रिफाइंड तेल स्वच्छ असते, तेच घ्या." तुम्ही गोंधळून जाता. अब्बांच्या कष्टाचे पैसे तुमच्या हातात आहेत आणि घरातील सर्वांनी खायचे तेल तुम्हाला निवडायचे आहे. म्हणून आपण आज या दोन बाटल्यांची नीट चौकशी करू.

प्रथम करडईची ओळख करून घेऊ. करडई हे महाराष्ट्राचे जुने पीक आहे. सोलापूर, परभणी, लातूर, बीड या भागांतील काळ्या जमिनीत ती रब्बी हंगामात पेरतात. पाऊस संपल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर हे पीक वाढते. करडईचे मूळ खोल जाते आणि खालची ओल शोधून काढते. तिच्या पानांना आणि बोंडांना काटे असतात. म्हणून शेतकरी ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या ओळी लावीत. काट्यांच्या भीतीने गुरे आत शिरत नसत. करडईची फुले आधी पिवळी असतात, मग ती केशरी-लाल होतात. या फुलांपासून पूर्वी कापड रंगवण्यासाठी कुसुंबी रंग काढीत. तुमच्या उर्दूत या झाडाला 'कुसुम' म्हणतात. युनानी हकीम त्याच्या बियांना 'कुर्तुम' म्हणतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या एका वाणाचे नावच 'परभणी कुसुम' असे आहे.

करडईचे बी पांढरे आणि गुळगुळीत असते. त्याचे टरफल कठीण असते. १०० किलो बियांत साधारणपणे ३० किलो तेल असते. काही वाणांत ते थोडे कमी, तर काहींत थोडे अधिक असते.

आता त्या तेलाचा एक थेंब बोटावर घ्या. डोळ्यांना तो एकजिनसी दिसतो. पण रसायनशास्त्र सांगते की त्या थेंबात अनेक प्रकारच्या रेणूंची गर्दी आहे. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉल नावाच्या एका लहान भागाला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. या साखळ्या कोणत्या, यावर त्या तेलाचा स्वभाव ठरतो.

करडईच्या तेलात चार मेदाम्ले महत्त्वाची आहेत. पामिटिक, स्टिअरिक, ओलेइक आणि लिनोलेइक ही त्यांची नावे. नावे अवघड आहेत, पण गोष्ट सोपी आहे. शाळेच्या मैदानावर १८ मुले एका रांगेत हात धरून उभी आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येकाने शेजाऱ्याचा एकच हात धरला आहे. ही झाली स्टिअरिक आम्लाची साखळी. मुलांच्या जागी कार्बनचे अणू आहेत, एवढे समजा. आता रांगेत एका ठिकाणी दोन मुलांनी एकमेकांचे दोन्ही हात धरले. हा झाला दुहेरी बंध. एक दुहेरी बंध असलेली ही साखळी म्हणजे ओलेइक आम्ल. असे दुहेरी बंध दोन ठिकाणी असले, की ते झाले लिनोलेइक आम्ल. पामिटिक आम्लाची साखळी १६ कार्बन अणूंची असते आणि तिच्यात दुहेरी बंध नसतो.

ज्या मेदाम्लांत दुहेरी बंध नाही त्यांना संपृक्त मेदाम्ले म्हणतात आणि ज्यांत तो आहे त्यांना असंपृक्त मेदाम्ले म्हणतात. करडईच्या तेलात संपृक्त मेदाम्ले फार थोडी, म्हणजे १०० भागांत ८ ते १० भाग असतात. बाकीची सारी असंपृक्त असतात. नेहमीच्या करडईच्या तेलात एकट्या लिनोलेइक आम्लाचेच प्रमाण १०० भागांत ७० ते ८० भाग असते.

दुहेरी बंधाजवळची जागा कच्ची असते. हवेतील ऑक्सिजन तेथूनच शिरकाव करतो. लिनोलेइक आम्लात दोन दुहेरी बंधांच्या मधली जागा तर फारच कच्ची असते. त्यामुळे ओलेइक आम्लापेक्षा लिनोलेइक आम्लावर ऑक्सिजनचा परिणाम कित्येक पट वेगाने होतो. ऑक्सिजन शिरला की तेल खवट होऊ लागते.

येथे तुम्हाला एक गंमत सांगतो. उर्दूत 'रोगन' हा शब्द आहे. तो फारसीतून आला. त्याचा एक अर्थ तेल असा आहे. 'रोगन-ए-बादाम' म्हणजे बदामाचे तेल, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ लाकडाला चकाकी आणण्यासाठी लावायचा लेप असा आहे. मराठीत हा शब्द 'रोगण' असा आला, आणि तो या दुसऱ्याच अर्थाने रुळला. तेल आणि लेप यांना एकच नाव का बरे मिळाले असेल? कारण काही तेले हवेत उघडी ठेवली की ऑक्सिजन शोषून घेतात, घट्ट होतात आणि त्यांचा चिवट पापुद्रा बनतो. जवसाचे तेल असे आहे, आणि काही प्रमाणात करडईचेही. म्हणूनच करडईचे तेल खाण्याबरोबर रंग आणि रोगण बनवण्यासाठीही वापरले गेले. लेपासाठी जो गुण, तोच साठवणीत आणि कढईत दोष ठरतो.

हे तुम्ही स्वतः पाहू शकता. काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर जवसाच्या तेलाचा आणि दुसरीवर शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ थर बोटाने पसरा. दोन्ही पट्ट्या धूळ लागणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवा. रोज एकदा कडेला हलकेच बोट लावून पाहा. काही दिवसांनी जवसाचा थर चिकट होऊन वाळू लागेल. शेंगदाण्याचे तेल मात्र तेव्हाही ओलेच असेल.

मग लिनोलेइक आम्ल वाईट म्हणायचे का? मुळीच नाही. आपल्या शरीराला त्याची गरज असते आणि शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते. शिवाय आहारातील संपृक्त मेद कमी करून त्याच्या जागी असंपृक्त मेद घेतले, तर रक्तातील घातक कोलेस्टेरॉल कमी होते, असे डॉक्टर सांगतात. म्हणून वाईट-चांगले असा निवाडा न करता, कोणते तेल कोणत्या कामाला योग्य, असे विचारणे बरे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. तेलात कोणते मेदाम्ल किती असावे, हे कोण ठरवते?

हे ठरते शेतात, बी भरत असताना. करडईचे झाड आपल्या बियांत आधी ओलेइक आम्ल तयार करते. मग एक विकर पुढे येते. ते ओलेइक आम्लातून हायड्रोजनचे दोन अणू काढून घेते आणि दुसरा दुहेरी बंध तयार करते. अशा रीतीने ओलेइक आम्लाचे लिनोलेइक आम्ल होते. हे विकर बनवण्याची आज्ञा झाडाच्या जनुकात असते. ज्या वाणात ते जनुक नीट काम करते, त्याच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. आणि ज्या झाडात ते जनुकच बिघडलेले असते, त्याचे काय? कारखान्यातला दुसऱ्या टप्प्याचा कारागीर रजेवर गेला, तर माल पहिल्याच टप्प्यावर साठून राहतो. तसेच येथे होते. तेलात ओलेइक आम्लच साठून राहते.

अशी करडई खरोखर सापडली आहे. तिच्या वेगळ्या तेलाची नोंद शास्त्रज्ञांनी १९५७ साली प्रसिद्ध केली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे शास्त्रज्ञ पी. एफ. नोल्स यांनी भारतातून नेलेल्या करडईच्या बियाण्यातून अशी झाडे निवडली. हा गुण मुख्यतः एका जनुकावर अवलंबून असतो, असे त्यांच्या अभ्यासातून १९६३ साली दिसून आले. १९६६ साली त्या विद्यापीठाने 'यूसी-१' हा वाण शेतकऱ्यांना दिला. या वाणाच्या तेलात प्रमाण अगदी उलटे आहे. ओलेइक आम्ल १०० भागांत ७० हून अधिक आणि लिनोलेइक आम्ल २० हून कमी.

मित्रांनो, बी आपल्या मातीतले होते. त्यातील गुण ओळखण्याचे काम मात्र दूरच्या प्रयोगशाळेत झाले. आता आपल्याकडेही हे काम झाले आहे. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेने जास्त ओलेइक आम्ल देणारे करडईचे वाण तयार केले आहेत. भुईमुगाच्या बाबतीतही असेच घडले. साध्या शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. जुनागढच्या संशोधन संस्थेच्या 'गिरनार-४' आणि 'गिरनार-५' या २०२० साली आलेल्या वाणांत ते १०० भागांत ८० च्या जवळ आहे.

म्हणजे करडई हे नाव एकच असले, तरी वाण बदलला की तेल आतून पार बदलते. एका वाणाचे तेल लवकर खवट होणारे, तर दुसऱ्याचे टिकाऊ आणि तळणाला योग्य. बाटलीकडे पाहून मात्र हा फरक कोणालाही कळत नाही. दोन्हींचा रंग सारखाच दिसू शकतो.

मग आपल्या दोन बाटल्यांतला जो फरक डोळ्यांना दिसला, तो कशाचा? तो फरक आहे तेल काढण्याच्या रीतीचा.

सर्वांत जुनी रीत घाण्याची. मोठ्या लाकडी उखळात बी टाकतात. त्यात एक जाड लाकडी दांडा फिरतो. त्याला लाट म्हणतात. पूर्वी ही लाट बैल फिरवीत असे. त्याच्या डोळ्यांना झापड बांधलेली असे आणि तो दिवसभर त्याच त्या वर्तुळात फिरे. त्यावरूनच उर्दूत 'कोल्हू का बैल' आणि मराठीत 'घाण्याचा बैल' असे म्हणतात. गावातील हा उद्योग टिकावा म्हणून वर्ध्याच्या मगनवाडीत सुधारलेली घाणी तयार झाली. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते काम होते. आज अनेक शहरांत विजेवर चालणारे लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत.

दुसरी रीत यंत्राच्या दाबाची. पोलादी नळीत मळसूत्री दांडा फिरतो आणि बी पुढे ढकलत दाबत जातो. या यंत्राला एक्सपेलर म्हणतात. अमेरिकेतील व्हॅलेरियस अँडरसन यांनी १९०० साली ते तयार केले. त्यात दाब जास्त असतो, म्हणून तेल अधिक निघते. पण घर्षणाने तेल आणि पेंड चांगलीच तापतात.

तिसरी रीत द्रावकाची. हेक्झेन हा पेट्रोलियमपासून मिळणारा द्रव पेंडीवर सोडतात. तेल त्यात विरघळते. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणून तापवून त्याची वाफ काढून घेतात आणि तेल मागे उरते. असे तेल शुद्ध केल्याशिवाय खाण्यासाठी विकण्यास आपल्या देशात कायद्याने मनाई आहे.

आता भावातला फरक का पडतो, ते हिशेब करून पाहू. १०० किलो बियांत ३० किलो तेल आहे, असे धरा. घाण्याच्या पेंडीत ढोबळ मानाने १०० भागांत १० भाग तेल अडकून राहते. म्हणजे हाती २२ किलोच्या आसपास तेल येते. एक्सपेलरच्या पेंडीत ७ भाग राहिले, तर हाती २५ किलोच्या जवळ येते. द्रावकाच्या रीतीत एखादाच भाग मागे राहतो, म्हणून २९ किलो तेल मिळते. घाण्याचा भाव जास्त असण्याचे हे एक सरळ कारण आहे. अर्थात घाण्यात राहिलेले तेल वाया जात नाही. ती पेंड गुरांच्या पोटात जाते.

रिफाइंड तेलाला पुढे आणखी काही टप्प्यांतून जावे लागते. प्रथम त्यातील चिकट द्रव्ये काढतात. मग कॉस्टिक सोड्याने सुटी झालेली मेदाम्ले बाजूला करतात. नंतर रंग शोषून घेणाऱ्या खास मातीतून ते गाळतात. शेवटी २०० अंशांहून अधिक तापमानाला, हवा काढून घेतलेल्या भांड्यात, त्यातून वाफ सोडतात आणि त्याचा वास घालवतात. बाटलीतले ते नितळ तेल असे तयार होते.

आता नीट लक्ष द्या, कारण गैरसमज येथेच होतो. या साऱ्या खटाटोपात मेदाम्लांचे प्रमाण जवळजवळ बदलत नाही. ज्या बियांत लिनोलेइक आम्ल १०० भागांत ७५ भाग होते, त्यांचे तेल घाण्यातून काढा, एक्सपेलरमधून काढा किंवा द्रावकाने काढून शुद्ध करा. ते ७५ च्या आसपासच राहणार. घाण्याला वाण बदलता येत नाही.

मग रीतीने काय बदलते? तेलाच्या सोबतीला बियांतून आलेले थोडेसे पदार्थ बदलतात. रंगद्रव्ये, वास देणारे पदार्थ, चिकट द्रव्ये आणि ई जीवनसत्त्व यांचे प्रमाण तेलात अगदी थोडे असते, पण त्यांचे काम मोठे असते. ई जीवनसत्त्व तेलाला ऑक्सिजनपासून वाचवते. घाण्याच्या तेलात हे सोबती बहुतेक टिकतात. शुद्धीकरणात रंग आणि वास जातातच, ई जीवनसत्त्वाचाही काही भाग जातो. उलट बाजूही पाहा. घाण्याच्या तेलात बियांचे बारीक कण आणि सुटी मेदाम्ले राहतात, म्हणून तापवल्यावर ते लवकर धुरकटते. बी जुने किंवा बुरशी लागलेले असेल, तर त्याचा दोषही तेलात उतरतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातले विष कच्च्या तेलात येऊ शकते. शुद्धीकरणात अशा अनिष्ट पदार्थांपैकी पुष्कळ निघून जातात. म्हणून घाण्याचे तेल घ्यायचे, तर बी स्वच्छ आणि ताजे वापरणारा घाणेवाला शोधला पाहिजे.

थोडक्यात सांगायचे, तर रंग आणि वास ही घाण्याची साक्ष आहे, वाणाची नाही. म्हणून तेल घेताना एक नव्हे, दोन प्रश्न विचारा. पहिला, हे तेल कोणत्या प्रकारच्या बियांचे आहे? दुसरा, ते कसे काढले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कधीकधी बाटलीवरच मिळते. पोषणाच्या तक्त्यात एक दुहेरी बंध असलेल्या आणि अनेक दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांचे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा मोठा असेल, तर ते जास्त ओलेइक आम्लाचे तेल आहे. दुसरा मोठा असेल, तर ती नेहमीची करडई आहे. 'कोलेस्टेरॉल नाही' एवढ्या मोठ्या अक्षरांना मात्र भुलू नका. कोणत्याही वनस्पतीच्या तेलात ते नावापुरतेच असते. त्यात त्या बाटलीचे विशेष असे काही नाही.

उत्तरे मिळाली, की पुढचे काम सोपे आहे. नेहमीच्या करडईचे तेल फोडणीला, भाजीला वापरावे. ते लहान बाटलीत, घट्ट झाकणाने, उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवावे आणि लवकर संपवावे. तळणासाठी जास्त ओलेइक आम्लाचे तेल अधिक टिकाव धरते. कोणतेही तेल पुन्हापुन्हा तापवून वापरू नये. तापवलेल्या तेलात निर्माण होणारे घातक पदार्थ किती असावेत, याची मर्यादा भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून घालून दिली आहे. आणि हेही विसरू नका, की घाण्याचे असो वा रिफाइंड, १ ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. उत्तम तेलही बेताने खाल्ले, तरच उत्तम.

या दोन प्रश्नांचा फायदा केवळ तुमच्या घराला नाही. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. तिकडे आपल्याच महाराष्ट्रात करडईची शेते कित्येक पटींनी घटली आहेत. काढणीच्या वेळी काटे टोचतात, मजूर मिळत नाहीत, भावाची खात्री नसते. मग शेतकरी हरभऱ्याकडे वळतो. फलटणच्या निंबकर संस्थेने 'नारी-६' हा बिनकाट्यांचा वाण तयार केला. सोलापूर आणि परभणीच्या संशोधकांनी अधिक उत्पन्न देणारे वाण दिले. पण ग्राहकच वाणाचे नाव विचारत नसेल, तर व्यापारी शेतकऱ्याला त्याचा वेगळा भाव कशाला देईल? दुकानात विचारलेला एक साधा प्रश्न हळूहळू शेतापर्यंत पोचतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी दुकानदाराने "घाण्याचे की रिफाइंड?" असे विचारले, तर गोंधळू नका. शांतपणे म्हणा, "ते सांगतो. पण आधी मला सांगा, करडई कोणत्या वाणाची आहे?" कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. मग दोघे मिळून बाटलीवरचा तक्ता वाचा.

शब्दार्थ

वाण – पिकाची विशिष्ट जात
एकजिनसी – सगळीकडे सारखे
मेदाम्ल – तेल व चरबी यांचा घटक असलेले आम्ल
विकर – सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ
जनुक – आनुवंशिक गुण ठरवणारा घटक
खवट – जुन्या तेलासारख्या वासाचे व चवीचे
पेंड – तेल काढल्यावर उरणारा बियांचा चोथा
झापड – जनावराच्या डोळ्यांवर बांधायचे आवरण
मळसूत्री – स्क्रूसारखे आटे असलेला
खटाटोप – मोठी धडपड

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शेतकरी ज्वारीच्या शेताच्या कडेने करडई का लावीत?
(आ) ओलेइक आणि लिनोलेइक आम्लांत कोणता फरक आहे?
(इ) 'यूसी-१' हा वाण शेतकऱ्यांना कोणत्या साली मिळाला?
(ई) १०० किलो बियांपासून कोणत्या रीतीने सर्वांत जास्त तेल मिळते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घाण्याचे तेल महाग का असते, हे हिशेबाने पटवून द्या.
(आ) तेल काढण्याच्या रीतीमुळे काय बदलते आणि काय बदलत नाही?
(इ) 'रंग आणि वास ही घाण्याची साक्ष आहे, वाणाची नाही.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. 'घाण्याचा बैल' या शब्दप्रयोगाचा अर्थ सांगून तो वाक्यात वापरा. उर्दूतील त्याच अर्थाचा शब्दप्रयोग लिहा.

४. 'रोगन' आणि 'रोगण' या शब्दांसारखे, उर्दूत व मराठीत थोड्या वेगळ्या रूपात किंवा अर्थात आढळणारे पाच शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम : घरातील तेलाच्या बाटलीवरचा पोषणाचा तक्ता वहीत उतरवून घ्या. वर्गातील सर्वांचे तक्ते एकत्र करून कोणत्या तेलात कोणती मेदाम्ले जास्त आहेत, याची यादी तयार करा.